शाळा दोनला सुटते, मी सातला घरी येते (पुणे, पहिलीचा प्रवेश)

घाईत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक मोठ्या गटात आहे, येत्या जूनमध्ये पहिली. आत्ताची बालवाडी आमच्या मागच्याच गल्लीत आहे, पण तिथे पुढचे वर्ग नाहीत. आम्ही वारज्यात राहतो. माझं ऑफिस हिंजवडी फेज दोनला, आठवड्यातले तीन दिवस जावंच लागतं. नवरा खराडीला. म्हणजे घर मधोमध आणि आम्ही दोघं दोन टोकांना. सासूबाई साताऱ्याहून येतात, दोन-दोन महिने राहतात. पण सासऱ्यांचं औषधपाणी तिकडे आहे, त्यामुळे कायमच्या या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दिवाळीनंतर शाळा बघायला लागलो. एक्सेल शीट केली (हसू नका). बोर्ड, माध्यम, फी, मैदान, अंतर, एका वर्गात मुलं किती, असे रकाने. सात शाळा बघून झाल्या. सगळीकडे एक बाई छान हसून माहिती देतात, रोबोटिक्सची खोली दाखवतात, घसरगुंडी दाखवतात. मग मी विचारते, "शाळा सुटल्यावर मूल थांबू शकतं का इथे?" की हसू जरा कमी होतं.

शाळा दोनला नाहीतर तीनला सुटते. मी पोचते सातला. पाऊस असेल तर साडेसात, आणि चांदणी चौकात काही झालं असेल तर देव जाणे. या मधल्या चार-पाच तासांचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हताच. परवा घातला, आणि सातपैकी पाच शाळा तिथेच गळाल्या.

तर तुम्ही हे कसं जमवलंत? कृपया 'मुलं होतात हो मोठी' असं सांगू नका. शाळांची नावं धाग्यात नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खराडीकर

सीबीएसई घ्या. उद्या बदली झाली, बंगळुरूला जावं लागलं, तर त्रास नाही. बाकी सगळं होतं मॅनेज.

चिमणीची_आई

'होतं मॅनेज' म्हणजे कोण करतं हो तुमच्याकडे? :)

खराडीकर

बायको. तिने दोन वर्षं ब्रेक घेतलाय. बरं, समजला टोमणा.

पेठेतला

आम्ही नूमवि शाळेचे. आई टेलिफोन खात्यात होती. शाळा सुटली की अप्पा बळवंत चौकातून चालत वाड्यात. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. किल्ली विसरली तर खालच्या काकू होत्या. त्या जेवायला घालायच्या, वर आईला सांगायच्या की आज याने भाजी टाकली. हल्लीच्या पालकांना सगळ्याचं टेन्शन.

चिमणीची_आई

पेठेतले, त्या काकूंचं आम्हालाही पटतंय हो. आम्हाला त्या काकू कुठे मिळतील तेवढं सांगा. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट, चारींना सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुलूप. सहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात किल्ली घालून बाराव्या मजल्यावर पाठवू?

घाईत, माझा अनुभव लिहिते, जरा लांबेल. आम्ही सिंहगड रोडला. मुलीची शाळा नावाजलेली, फी भरताना हात थरथरतो अशी. सगळं उत्तम. पण शाळेच्या सुट्ट्या आणि आमच्या सुट्ट्या यांचा मेळ कधी बसला नाही. पहिल्या वर्षी मी एक हिशोब केला होता तो देते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस सांगितलेत. समजा शाळेने तेवढेच भरवले. ३६५ मधून २०० गेले, १६५ उरले. आपले शनिवार-रविवार १०४ धरा. राहिले ६१. ऑफिसच्या सणावाराच्या सुट्ट्या दहा. राहिले ५१. माझ्या हक्काच्या रजा बावीस, त्याही सगळ्या मिळाल्या तर. म्हणजे तीसेक दिवस असे, की मूल घरी आणि आम्ही दोघं ऑफिसात. शाळा जास्त दिवस भरली तर आकडा खाली येतो, पण शून्यावर काही येत नाही.

आणि हे झाले ठरलेले दिवस. २५ जुलै २०२४ आठवतोय? रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, एकतानगरीत घरात पाणी. सकाळी मोबाईल बघते तर शाळांना सुट्टी. ती द्यायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाळणाघरवाल्या ताईंच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, आणि माझ्या ऑफिसचा मेसेज, 'शक्य असेल त्यांनी यावे.' त्या दिवशी मुलगी माझ्या मांडीवर, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर आणि कॉलवर मी म्युट.

तेव्हा शाळेला हे आधी विचार: अचानक सुट्टी दिलीत तर किती आधी कळवता? मधेच सोडायची वेळ आली तर मूल कोणाच्या हाती देता? आम्ही विचारलं नव्हतं.

नाईटड्यूटी

इथे सगळे नऊ ते सातवाले दिसताहेत, म्हणून माझं सांगते. मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे. तीन पाळ्या. मोठा मुलगा पहिलीत होता तेव्हा शाळा सकाळी सात दहाची. मॉर्निंग असली की जाता जाता सोडायचे. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांची झोप होत नाही, असं तेव्हाच्या राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुचवलं होतं. मुलांसाठी चांगलंच आहे, मी स्वतः आरोग्य खात्यातली, मला झोपेचं महत्त्व काय सांगायचं. पण आता धाकटी पहिलीत आणि मॉर्निंग ड्यूटी असेल तेव्हा सात ते नऊ हिला ठेवू कुठे? आमचा तोडगा असा, की रिक्षाकाका सातला येतात, तिला त्यांच्या घरी नेतात, त्यांच्या बायकोकडे ती दूध पिते, त्यांच्या नातवाबरोबर वेणी घालून घेते (नातवाची नाही, हिची), आणि मग सगळी वरात शाळेत. महिन्याला वेगळे पैसे देते. हे कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही.

बाई_पहिलीच्या

मी एकवीस वर्षं पहिलीला शिकवते आहे, आधी अनुदानित शाळेत, आता एका खासगी शाळेत. नाईटड्यूटी, तुमची अडचण खरी आहे, पण सातच्या शाळेतला पहिला तास मी घेतलाय हो. अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून. डिसेंबरात तर स्वेटरची टोपी पुढे ओढून सरळ झोपायचे. आम्ही त्या तासाला गाणीच घ्यायचो.

घाईत, शाळा बघायला जाल तेव्हा त्यांनी दाखवलेलं बघाच, पण आणखी थोडं बघा.

मधल्या सुट्टीत जा. शक्यतो न सांगता. डबा खाताना बाई वर्गात असतात का, की मुलांना मावशींवर सोडून स्टाफरूममध्ये? पहिलीच्या मुलाला डब्याचं झाकण उघडत नाही, ही त्याच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट असते. ते कोण उघडून देतं ते बघा.

मग स्वच्छतागृह. पहिलीच्या मुलीचा हात नळाला पोचतो का? कडी तिला आतून लावता आणि काढता येते का? पाणी आहे का? दर जूनमध्ये दोन-तीन मुलं दिवसभर शू दाबून ठेवून घरी जातात, कारण कडी घट्ट असते आणि आत अडकायची भीती वाटते. पालकांना वाटतं मूल शाळेला घाबरतंय. ते कडीला घाबरतंय.

भिंती वाचा. सगळीकडे थर्माकोलची एकसारखी फुलपाखरं असतील तर ती बाईंनी रात्री जागून केलेली आहेत. मुलांनी स्वतः लिहिलेलं, वेलांटी चुकलेलं, 'माजी आजि' असं काही टांगलेलं दिसलं तर थांबून बघा. तिथे चुकायला परवानगी आहे.

वर्गातला पट विचारा. कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. पंचेचाळीस-पन्नास सर्रास दिसतात. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही: पहिलीच्या बाई या शाळेत किती वर्षं आहेत? दर वर्षी नवीन बाई असतील तर इमारत कितीही चकचकीत असो, आत काहीतरी बिनसलंय. पगार तरी, नाहीतर वागणूक.

शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदणीतला) मागा आणि सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो, त्यात पुणे जिल्ह्यातल्याही असतात, आणि मग भर वर्षात पालक दाखल्यासाठी हेलपाटे घालतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का तेही विचारा. २०२२ पासून ती शाळेत असायला हवी. सीसीटीव्हीबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये कडक आदेश आले. कॅमेरे बहुतेक ठिकाणी लागले, पण फुटेज कोण बघतं, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात.

शनिवारचंही विचारून घ्या. पुष्कळ अनुदानित शाळा शनिवारी अर्धा दिवस भरतात. तुमच्यासारख्यांना तेवढीच एक निवांत सकाळ मिळते ;) हे मी बोलले असं सांगू नका.

सोनचाफा

बाई, कडीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं आणि आम्ही समुपदेशकाकडे चार चकरा मारल्या.

टेकडीप्रेमी

मूळ प्रश्न माध्यमाचा आहे. मराठी माध्यमात घाला. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच आहे.

खराडीकर

तुमची मुलं कुठल्या माध्यमात?

टेकडीप्रेमी

अक्षरनंदनला होता मुलगा. सेनापती बापट रस्त्याला. तुमच्या प्रश्नाची वाटच बघत होतो.

खराडीकर

मग ठीक. पण सगळ्यांना तिथे प्रवेश मिळतो का? आणि इंग्रजी माध्यमात मराठी शिकवतातच की, २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे सगळ्या बोर्डांना.

टेकडीप्रेमी

शिकवतात म्हणजे आठवड्यातून तीन तास, आणि बाई सूचना देतात इंग्रजीत. मग पहिलीपासून तिसरी भाषा लादायची तो प्रकार तर

मॉडरेटर

थांबा. तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ ला रद्द झाले, त्यावर वेगळा धागा आहे आणि तो अजून धुमसतोय. तिकडे जा. इथले सहा प्रतिसाद उडवलेत.

घाईत

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलाय.

माध्यमाचं आमचं अजून ठरत नाहीये, पण बाणेरच्या एका शाळेवर नवऱ्याचं मन बसलंय. मैदान खरंच मोठं, ग्रंथालय सुंदर. अंतर दहा-अकरा किलोमीटर, बस दारात येते. "पाऊण तास तर लागतो, बसमध्ये मजा करतात मुलं," असं शाळेने सांगितलं. म्हटलं बघू या तरी मजा. मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला दांडी मारून ॲक्टिव्हावरून बसच्या मागे मागे गेले. हेरगिरीच म्हणा.

आमच्या फाटकावर बस सात चाळीसला. वारजे, मग पुलाखालून वळसा, बावधनमध्ये तीन थांबे, एका सोसायटीपाशी एका मुलाची आई बूट हातात घेऊन धावत आली, तिथे चार मिनिटं. पाषाणमध्ये आणखी दोन. शाळेत आठ पंचावन्न. हे जातानाचं. पाऊण नाही, सव्वा तासच धरा.

येताना मी मुद्दाम खिडकीच्या बाजूने चालवली. तिसऱ्या ओळीत एक मुलगा, असेल सहाचा. डोकं काचेला टेकलेलं, बस खड्ड्यातून गेली की डोकं काचेवर टक्कन आपटायचं, पण जाग येत नव्हती. तोंड उघडं, शर्टाला सेफ्टी पिनने लावलेला रुमाल लाळेने ओला. त्याचा थांबा आल्यावर मदतनीस ताईने त्याच रुमालाने त्याचं तोंड पुसलं, दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्याला हाताला धरून उतरवलं. फाटकात घ्यायला आलेली बाई आई नव्हती, ती ताईला म्हणाली, "झोपला होय? आता रात्री बारापर्यंत झोपणार नाही बघा."

ताई चांगली होती हो. बस पिवळी, वेग बेताचा, सगळं २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे. नियमात कुठेही खोट नव्हती. मला फक्त तो मुलगा दिसत राहिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "सवय होते." मग दोन तास आम्ही बोललो नाही.

चिमणीची_आई

अगं, तू बसचा पाठलाग केलास!! मानलं तुला. ताई चांगली आहे हे मात्र नशीब, सगळीकडे एवढं तरी असतं असं नाही.

सोनचाफा

वर्षाचे सव्वा दोन महिने मूल रोज अडीच तास बसमध्ये, असं म्हणायचं होतं पण गणित जमेना. चिमणीची आई, कर गं तू.

चिमणीची_आई

२०० दिवस गुणिले अडीच तास, ५०० तास. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर त्र्याऐंशी दिवसांची शाळा बसमध्येच.

कोथरूडची_मावशी

बसवाल्या शाळेत निदान प्रवेश तरी नीट होतो. आम्हाला एका नामांकित शाळेने (नाव नाही सांगत) पहिलीच्या प्रवेशासाठी दोघांना बोलावलं. मुलाला रंग विचारले, मला विचारलं, "मॅडम, तुमची नोकरी सुरूच ठेवणार का? आमच्याकडे पालकांचा सहभाग फार महत्त्वाचा असतो." नवरा माझ्या शेजारी बसलाय, तोही नोकरी करतो, त्याला हा प्रश्न नाही. मी म्हटलं, त्यांना विचारा की. तर हसले सगळे. आठ दिवसांनी 'जागा उपलब्ध नाही' असा मेसेज.

बाई_पहिलीच्या

हे बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ वाचा. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळेला ५० हजारांपर्यंत. कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी वरची देणगी) घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. पण तक्रार करतं कोण? सगळ्यांना वाटतं, दुसऱ्या मुलाच्या वेळी परत तिथेच जायचंय.

कोथरूडची_मावशी

मीही केली नाही. लाज वाटते सांगायला.

आजोबा_पेन्शनर

धागा वाचतोय. माझंही ऐका. आम्ही दोघं सत्तरीला आलो. मुलगा-सून औंधला, आम्ही सदाशिवात. नातवाची शाळा निवडताना आमच्या घराजवळची निवडली, आणि निवडल्यावर आम्हाला सांगितलं! पाच वर्षं रोज दुपारी एकला मी फाटकाशी उभा. आनंद आहे, नाही म्हणत नाही. त्याला पाढे मीच शिकवले, पावकी-निमकीसकट. पण हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, कारण मग नातवाचं काय. आम्हाला विचारा हो आधी. आम्ही 'हो'च म्हणू, पण विचारा.

घाईत

काका, हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. सासूबाईंना आम्ही 'जून-जुलै या' असं गृहीत धरून बसलो होतो. काल फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये येते, पण गणपतीला मी इकडे असणार." म्हणजे त्यांचंही ठरलेलं होतं, फक्त आम्ही विचारलं नव्हतं.

नाईटड्यूटी

एक राहिलंय. तुम्ही सगळे पाळणाघर पाळणाघर म्हणता. माझ्या धाकटीला आधी जिथे ठेवायचे, तिथल्या मदतनीस मावशीही नोकरी करणाऱ्या आईच आहेत. आठ ते आठ आमची मुलं सांभाळतात. त्यांची स्वतःची मुलगी पहिलीला आली तेव्हा शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांतून अर्ज करायचा होता. त्यांचं उत्पन्न एक लाखाच्या आत, शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, म्हणजे सोडतीत प्राधान्यही. अडलं कुठे, तर राहण्याच्या पुराव्यावर. भाडेकरार नोंदणीकृत लागतो, आणि घरमालक नोंदणी करून देईना. कर लागेल म्हणून. शेवटी माझ्या नवऱ्याने जाऊन त्याला समजावलं, नोंदणीचा खर्च आम्ही दिला, पण तोवर मुदत संपली.

सोनचाफा

मग?

नाईटड्यूटी

मग महापालिकेच्या शाळेत घातली. दुपारी पोषण आहार मिळतो. बाई चांगल्या आहेत, दुसरीत वाचायला लागली मुलगी. तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं म्हणून निपुण भारतचं काम चालतं ना, त्यात तिच्या बाई रोज वीस मिनिटं वेगळी घेतात. शाळा सुटली की ती थेट पाळणाघरात येते, आईजवळ. तेवढी एक गोष्ट तिला आपल्या मुलांपेक्षा बरी मिळाली. वंचित गटात जे येतात त्यांना उत्पन्नाची अटही नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांना सांगा. भाडेकरार आधी करून ठेवायला सांगा.

खराडीकर

२०२४ मध्ये नियम बदलला होता ना, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीत नाही?

नाईटड्यूटी

फेब्रुवारीत बदलला, जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केला. मधल्या मधे लोकांचे महिने गेले.

पेठेतला

फीबद्दल कोणी बोललं नाही. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे ठरलेली फी दोन वर्षं तशीच ठेवावी लागते. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, शाळेच्या मर्जीतल्यांची नेमणूक नव्हे. आमच्या मुलाच्या शाळेत चिठ्ठी कधी निघाली ते कोणी पाहिलेलं नाही. घाईत, तुम्ही जिथे जाल तिथे चिठ्ठीत नाव टाका. नोकरी आहे म्हणून टाळू नका.

घाईत

(फेब्रुवारी) धागा वर आणतेय. ठरलं.

घरापासून चालत नऊ मिनिटांवर एक जुनी, अनुदानित, सेमी इंग्रजी शाळा आहे. माझ्या शीटमध्ये नव्हतीच, कारण तिची जाहिरात कुठे दिसली नव्हती. वॉचमनकडे चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी मुख्याध्यापिका बाईंना भेटा, त्या साडेदहाला चहा पितात, तेव्हा बोलतात." गेले. मैदान आहे पण माती आहे. रोबोटिक्स नाही. पट बेचाळीस, हे मला टोचतंय. पहिलीच्या बाई तेरा वर्षं तिथेच. कडी मी स्वतः लावून बघितली, सैल आहे, जरा जास्तच सैल, ती बदलायला सांगितली. भिंतीवर 'माझा मामा पोलिस आहे' असं पाच ओळींचं होतं, त्यात 'पोलिस' तीन प्रकारे लिहिलेलं.

वेळ नऊ ते दोन. समोरच्या गल्लीत एका काकूंचं पाळणाघर, त्या स्वतः दोनला फाटकावर येतात आणि सात-आठ मुलांची आगगाडी करून नेतात. साडेसातपर्यंत ठेवतात.

सेमी का, तर गणित इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून. आमच्या घरात अभ्यास घ्यायला मोकळ्या असतील तर त्या सासूबाईच, आणि त्यांना बालभारतीचं पुस्तक वाचता येतं. टेकडीप्रेमी, तुम्हाला आनंद होईल, पण कारण हे आहे.

नवरा अजून बाणेरच्या ग्रंथालयाबद्दल बोलतो. मी म्हटलंय, दर शनिवारी शाळा सुटली की तू तिला कुठल्या तरी ग्रंथालयात घेऊन जायचंस, किंवा गरवारे बालभवनला. सारसबागेजवळच तर आहे. तो 'हो' म्हणालाय. लेखी घ्यायला हवं होतं.

टेकडीप्रेमी

कारण कुठलंही चालेल. :)

बाई_पहिलीच्या

बेचाळीस जास्त आहेत. पहिले दोन महिने तिच्या वह्या बघत राहा, बाईंना दोष देऊ नका, पण बघा.

घाईत

(जुलै) पाच आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात रोज रडली, मीही कॅबमध्ये. दुसऱ्या आठवड्यात काकूंच्या आगगाडीत तिला 'डबा क्रमांक चार' मिळाला आणि आता ती तीन नंबरसाठी भांडते. वाचन रखडत आहे. बाईंना भेटले, त्या म्हणाल्या गणपतीपर्यंत थांबा. थांबतेय. परवा मी पावणेआठला पोचले, हिंजवडीत पाणी भरलं होतं. काकूंनी तिला वरणभात भरवून झोपवलं होतं, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

शनिवारचं ग्रंथालय पाचपैकी दोनदा झालं.

आता नवीन अडचण. काकू ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला चालल्यात. सासूबाई नेमक्या तेव्हा नाहीत. वारजे-कर्वेनगर भागात दुपारी दोन ते साडेसात कोणी विश्वासू माहीत आहे का? तीनच आठवडे. शाळेच्या फाटकावरून घेऊन जाणारं हवं.

कोथरूडची_मावशी

डहाणूकरला माझ्या ओळखीच्या आहेत एक. रिक्षाची सोय करावी लागेल. व्यनि बघ.